मॉडरेटरविरुद्धच तक्रार आली तर: आधी किल्ल्या, मग चौकशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाचा टेलिग्रामवरचा मराठी समूह, सदस्य अठरा हजारांच्या घरात, सांभाळणारे सात जण, सगळे बिनपगारी. त्यातल्या सगळ्यात जुन्या मॉडरेटरविरुद्ध दोन तक्रारी आल्या आहेत. एक, एका खासगी क्लासवर टीका करणारे संदेश ते उडवतात आणि टीका करणाऱ्यांना बाहेर काढतात. दोन, एका मुलीने त्यांना खासगीत पाठवलेला निरोप त्यांनी मॉडरेटरांच्या ग्रुपमध्ये जसाच्या तसा टाकला. उरलेल्या सहांत तीन-तीन अशी फूट पडली आहे, नियम कुठेही लिहिलेले नाहीत, आणि ‘सरांना काढा’ विरुद्ध ‘सरांनी समूह उभा केला’ असं भांडण चालू आहे.

उत्तर लांब होणार आहे, म्हणून एक काम आधी सांगतो. ते आजच करा. टेलिग्राममध्ये ॲडमिन मंडळींना अलीकडच्या कृतींची नोंद दिसते: कोणी कोणता संदेश उडवला, कोणाला काढलं, कोणाचे अधिकार बदलले. ही नोंद फक्त शेवटच्या ४८ तासांची असते. उद्या-परवा चौकशी सुरू केलीत तर हाती काही लागणार नाही, उरतील फक्त आठवणी, आणि भांडणात आठवणी कशा फिरतात ते तुम्ही पाहतच आहात. दोघांनी, शक्य तर तुमच्या दोन्ही गटांतल्या एकेकाने, स्वतंत्रपणे ती नोंद वरपासून खालपर्यंत टिपून ठेवा. तारीख-वेळ दिसली पाहिजे आणि चित्र कुठेही कापायचं नाही.

‘कापायचं नाही’ यावर मी इतका भर का देतो, तेही सांगतो. मराठी समूहांचं मॉडरेशन करायला लागून मला सोळा वर्षं झाली. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका समूहात आमच्या एका सहकारी बाईंविरुद्ध तीन स्क्रीनशॉट आले. एका सदस्याच्या आजारी वडिलांबद्दल अत्यंत घाणेरडं वाक्य, आणि वर त्यांचं नाव. रात्री साडेअकरा वाजता आम्ही चौघांनी ठरवलं आणि बारा वाजायच्या आत त्यांचे अधिकार काढून, आयडी बंद करून, समूहात जाहीरही करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मूळ संभाषण सापडलं. ते वाक्य त्यांचं नव्हतंच. दुसऱ्या कोणी ते लिहिलं होतं, बाईंनी ते अवतरणात घेऊन ‘असं बोलणं इथे चालणार नाही’ म्हणून त्याला दटावलं होतं. स्क्रीनशॉट अवतरणाच्या खाली कापला होता. आम्ही माफी मागितली, जाहीर मागितली, अधिकार परत दिले. त्या आल्या नाहीत. चार वर्षं रोज रात्री जेवणं झाल्यावर दोन तास त्या समूहासाठी बसत होत्या. आम्ही त्यांना विचारलं असतं तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. ते मी अजून विसरलेलो नाही आणि विसरू इच्छित नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर मुळात तेवढंच आहे: अधिकार थांबवणं आणि माणसाला दोषी ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या माणसांनी करायची. तुमच्याकडे दोन्ही कामांची सरमिसळ झाली आहे. एका गटाला भीती आहे की अधिकार राहिले तर नुकसान चालू राहील. दुसऱ्या गटाला भीती आहे की अधिकार काढले म्हणजे माणसाला चोर ठरवलं. दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि ही दोन कामं वेगळी केली की दोन्ही गटांना एकाच वेळी मान हलवता येते.

तुमच्या समूहात हे समजावणं इतरांपेक्षा सोपं जाईल. निम्म्या मुलांना संविधानाचं कलम ३११ पाठ असेल. शासकीय सेवकाला बडतर्फ करायचं, काढून टाकायचं किंवा पदावनत करायचं तर त्याच्यावरचे आरोप त्याला कळवून, म्हणणं मांडायची वाजवी संधी देऊन, चौकशी करूनच. आणि नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचं नाही. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हेही याच मुलांनी वाचलेलं असतं. चौकशी होईपर्यंत माणूस त्या खुर्चीपासून लांब ठेवायचा, बस. आणि तेही कायमचं लटकवून ठेवायचं नाही. २०१५ साली अजय कुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत आरोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये. कलम ३११ तुमच्या समूहाला लागू होत नाही, हे उघड आहे. पण ज्यांना उद्या या नियमांखाली नोकरी करायची आहे, त्यांच्या समूहात याच तत्त्वाने वागलं जावं यात मला काहीच अवघड दिसत नाही.

‘फुकट काम करणाऱ्याची कसली विभागीय चौकशी’ असं तुमच्यातल्या एकाने म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. मला हे पटत नाही. पगार घेणाऱ्याची नोकरी गेली तर दुसरी मिळते. या माणसाने सहा वर्षांत समूहातून कमावलंय ते फक्त नाव. मुलं त्यांना ‘सर’ म्हणतात, गावाकडून पुण्यात पहिल्यांदा येणारा मुलगा खोली शोधायला त्यांना फोन करतो. ते नाव तुम्ही एका संदेशात घालवू शकता आणि नंतर कितीही दुरुस्त्या केल्या तरी ते पूर्वीसारखं होत नाही. तेव्हा सावधगिरी इथे जास्तच हवी. दुसरी बाजूही तितकीच खरी: त्या मुलीकडे तर नावही नाही, अधिकारही नाहीत. तिच्या बाजूने उभी राहील अशी एकच गोष्ट म्हणजे लिहिलेली, ठरलेली पद्धत.

हे मोठमोठ्या संस्थांनाही जमलेलं नाही. २०१९ या एकाच वर्षातली दोन प्रकरणं बघा. स्टॅक एक्स्चेंज ही प्रश्नोत्तरांची संकेतस्थळं चालवणारी कंपनी. मॉडरेटर सगळे स्वयंसेवक, बहुतेक सदस्यांनी निवडून दिलेले. २७ सप्टेंबरला, शुक्रवारी, कंपनीने एका जुन्या मॉडरेटर बाईंचे सहा संकेतस्थळांवरचे अधिकार एका फटक्यात काढले. वाद येऊ घातलेल्या आचारसंहितेतल्या सर्वनामांच्या, म्हणजे कोणाचा उल्लेख कोणत्या सर्वनामाने करायचा याच्या, नियमाबद्दल होता. बाई धर्मनिष्ठ ज्यू, शब्बाथ, म्हणजे कामधाम बंद ठेवायचा त्यांचा साप्ताहिक पवित्र दिवस, सुरू व्हायच्या तोंडावर हे झालं, म्हणजे त्या दिवसभर काही उत्तरही देऊ शकत नव्हत्या. नेमका कोणता नियम कुठे मोडला हे आपल्याला कधी सांगितलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात भर म्हणून कंपनीच्या बाजूने पत्रकारांशी त्यांच्याबद्दल बोललं गेलं. अनेक मॉडरेटरांनी राजीनामे दिले किंवा काम थांबवलं. मॉडरेटर काढायचा कसा आणि परत घ्यायचा कसा, याची कार्यपद्धती ऑक्टोबरात जाहीर झाली, म्हणजे काढून झाल्यावर. डिसेंबरात त्या बाईंशी तडजोड करावी लागली.

त्याच्या तीन महिने आधी, १० जूनला, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरच्या ‘फ्रॅम’ या प्रचालकावर, म्हणजे तिथल्या ॲडमिनवर, थेट वर्षभराची बंदी घातली. तक्रार कोणाची, पूर्ण पुरावा काय, हे ना त्याला सांगितलं ना समाजाला, आणि अपिलाची सोयही नव्हती. वीसेक प्रचालकांनी निषेध म्हणून अधिकार सोडले. शेवटी प्रकरण तिथल्या निवडून आलेल्या लवाद समितीकडे गेलं. समितीने कागद तपासून बंदी उठवली, पण प्रचालकपद मात्र परत दिलं नाही. त्याचं वागणं त्या पदाला साजेसं नव्हतं असं तिचं मत पडलं. हा निकाल मला फार शिकवून गेला. पद्धत चुकली म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही. पण पद्धत चुकली की तीन महिने सगळे फक्त पद्धतीबद्दल बोलतात आणि ज्यांना खरंच त्रास झाला ते बाजूलाच राहतात. तुमच्याकडे ती मुलगी बाजूला राहायला सुरुवात झालेलीच आहे. तुमच्या लांबलचक प्रश्नात तिच्यासाठी दीड ओळ आहे.

आता कामाचं.

मालकी कोणाकडे आहे? हे पहिल्यांदा बघा. टेलिग्राममध्ये समूहाचा मालक एकच असतो. इतर ॲडमिन फक्त स्वतः नेमलेल्या ॲडमिनचेच अधिकार बदलू शकतात, मालक मात्र कोणाचेही. मालकीचं खातं जर याच सरांच्या नावावर असेल तर तुमची सगळी चर्चा त्यांच्या सौजन्यावर चालली आहे, आणि ते तसंच गृहीत धरून बोलावं लागेल. त्यांना फोन करा, गट करून नव्हे, ज्याचं त्यांच्याशी बरं आहे अशा एकाने. चौकशी होईपर्यंत मालकी तिसऱ्याकडे द्यायला सांगा. ती देण्यासाठी खात्यावर दुहेरी पडताळणी किमान सात दिवस आधीपासून चालू असावी लागते, त्यामुळे ‘आज देतो’ म्हणाले तरी तांत्रिक अडचण येऊ शकते. तिला लगेच कांगावा समजू नका.

मालकी दुसऱ्याकडे असेल तर काम सोपं आहे. टेलिग्राममध्ये ॲडमिनचे अधिकार एकेक करून देता-काढता येतात. संदेश उडवणं, सदस्य काढणं आणि नवे ॲडमिन नेमणं, एवढे तीन काढा. बाकी राहू द्या. त्यांना समूहातून काढू नका, नावापुढची खूण काढू नका, जाहीर काही लिहू नका. मॉडरेटरांच्या ग्रुपमधून मात्र तेवढ्या काळापुरतं त्यांना बाहेर थांबायला सांगा, कारण साक्षी तिथेच बसलेले आहेत. मुदत लिहून द्या. माझ्या मते एकवीस दिवस भरपूर झाले. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर अधिकार आपोआप परत, असंच लिहा. त्याशिवाय चौकशी करणाऱ्यांना घाई होत नाही.

मग कारणे दाखवा नोटीस. शब्द सरकारी आहे पण कागद साधा, माणसासारखा लिहायचा. मी लिहिला तर असा लिहीन:

‘आदरणीय सर, तुमच्याबद्दल दोन तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत. पहिली: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक क्लासबद्दलचे सोबत जोडलेले नऊ संदेश तुम्ही उडवलेत आणि चार सदस्यांना काढलंत. दुसरी: अमुक तारखेला एका सदस्याने तुम्हाला खासगीत लिहिलेला मजकूर तुम्ही तिच्या नावासकट मॉडरेटरांच्या ग्रुपमध्ये टाकलात. या दोन्हींबद्दल अजून कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. सोबतचे पुरावे पाहून दहा दिवसांत तुमचं म्हणणं लेखी द्यावं. बोलून सांगायचं असल्यास तशी वेळ ठरवू. निर्णय पुढील तिघे घेतील. त्यांच्यापैकी कोणाबद्दल आक्षेप असेल तर तीन दिवसांत कळवा.’

बघा, यात ‘तुमचं वागणं’, ‘वारंवार’, ‘सगळ्यांना वाटतं’ असलं काही नाही. तारखा आहेत, नग आहेत, पुरावे जोडलेले आहेत. ‘सर हुकूमशाही करतात’ या आरोपाला कोणी काय उत्तर देणार? ‘हे नऊ संदेश का उडवले’ याला उत्तर देता येतं, आणि कदाचित चांगलं उत्तर असेलही.

ते तिघे कोण असावेत? तुम्ही सहा जण नकोत. तुम्ही साक्षीदार आहात, फिर्यादी आहात, मित्र आहात, न्याय देणारे तेवढे नाही. समूहातले दोन जुने, कोणत्याच कंपूत नसलेले सदस्य घ्या आणि एक दुसऱ्याच एखाद्या समूहाचा अनुभवी ॲडमिन. तिघांपैकी किमान एक बाई असावी, दुसऱ्या तक्रारीमुळे हे मी अट म्हणून सांगतो. आणि तिघांपैकी कोणीही त्या क्लासशी किंवा त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या क्लासशी बांधलेला नसावा. स्पर्धा परीक्षांच्या जगात हे तपासायला लागतंच.

कंपूबाजी हा शब्द आपण मराठी आंतरजालावर सहज वापरतो, पण ती किती टोकाला जाऊ शकते याचं उदाहरण क्रोएशियन विकिपीडियाचं आहे. तिथे प्रचालकांच्या एका गटाने वर्षानुवर्षं मजकूर आपल्या राजकीय बाजूला वळवला, डूआयडी (एकाच माणसाची जास्तीची, खोटी खाती) काढून कौल फिरवले आणि विरोध करणाऱ्यांना बाहेर केलं. २०१३ साली क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना हा ज्ञानकोश वापरू नका असं सांगितलं. तक्रारी होत होत्या, पण तक्रार ज्यांच्याकडे करायची तेच आरोपी होते. सगळं मोडायला २०२० साल उजाडलं आणि तेही बाहेरच्या लोकांच्या मदतीने. तुमचं प्रकरण एवढं मोठं नाही, पण बाहेरचा एक माणूस का हवा ते यातून कळावं.

पहिली तक्रार कशी तपासायची? नऊ संदेश उडवले हे सिद्ध करून काही होत नाही. संदेश उडवणं हे मॉडरेटरचं कामच आहे. तुलना करा. त्याच काळात दुसऱ्या क्लासवर तशाच भाषेत टीका झाली तेव्हा सरांनी काय केलं? ते संदेश शिल्लक असतील तर प्रश्न गंभीर आहे. सगळ्याच क्लासांवरची शिवीगाळ उडवली असेल तर तक्रार इथेच संपते. आणि एक प्रश्न सरळ विचारा, आडून नको: या क्लासकडून तुम्हाला काही मिळतं का? व्याख्यानाचं मानधन, शुल्कात सूट, भाच्याचा प्रवेश, काहीही. मिळत असेल आणि त्यांनी ते कधी सांगितलं नसेल, तर माझ्या लेखी नऊ संदेशांपेक्षा ते लपवणं मोठं.

दुसरी तक्रार मला जास्त अवघड वाटते आणि तिच्यावर घाईने बोलू नये असंही वाटतं. मॉडरेटरला खासगीत आलेली तक्रार सहकाऱ्यांना सांगणं चूक नाही, उलट एकट्याने निर्णय घेण्यापेक्षा ते बरं. पण मग तीन गोष्टी बघायच्या. तिने त्यांना मॉडरेटर म्हणून लिहिलं होतं की ओळखीचे, वडीलधारे म्हणून? सांगण्याची गरज किती मजकुराची होती आणि दाखवला किती? आणि तिला विचारलं होतं का? ‘एका मुलीला एक सदस्य त्रास देतोय, त्याचा आयडी हा’ एवढं सांगून काम भागत असताना तिचं नाव, गाव, घरच्या परिस्थितीबद्दलची चार वाक्यं असं सगळं टाकलं असेल, तर हेतू चांगला होता म्हणून भागत नाही. तो मजकूर आणखी पुढे कुठे गेला असेल, किंवा त्यावरून तिला कोणी धमकावत असेल, तर तुमची चौकशी बाजूला ठेवा आणि तिला राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करायला मदत करा. तिची इच्छा असेल तरच.

शिक्षेबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये किरकोळ शिक्षा आणि जबर शिक्षा असे दोन भाग आहेत, आणि सगळ्यात सौम्य शिक्षा म्हणजे ठपका. तुम्हालाही मधल्या पायऱ्या हव्यात. लेखी ठपका, काही महिने विशिष्ट अधिकार नाहीत, पद नाही पण सदस्यत्व आहे, आणि शेवटी बाहेर. ‘ठेवा किंवा हाकला’ एवढेच दोन पर्याय असले की तीन-तीनची फूट पडणारच. एक अपील ठेवा, एकच, आणि ते या तिघांपैकी कोणाकडेही नको.

समूहात काय सांगायचं? निकाल लागेपर्यंत काहीच नाही. कोणी विचारलंच तर ‘एका तक्रारीची चौकशी चालू आहे, अमुक तारखेपर्यंत कळवू’ एवढंच. निकालानंतर कोणता निर्णय झाला, कोणत्या कारणासाठी, आणि परत यायचा मार्ग आहे की नाही, हे तीन वाक्यांत. पुरावे टाकायचे नाहीत, मुलीचा उल्लेख कोणत्याही वळणाने येऊ द्यायचा नाही. ते तीन वाक्यांचं निवेदन जाहीर होण्याआधी सरांना दाखवा. वस्तुस्थितीची चूक असेल तर ते सांगतील.

पुढच्यासाठी नियम लिहाल तेव्हा एक गोष्ट जर्मन विकिपीडियाकडून घ्या. तिथे महिन्याभरात २५ किंवा सहा महिन्यांत ५० पात्र सदस्यांनी मागणी केली की प्रचालकाला पुन्हा निवडणुकीला सामोरं जावं लागतं. २०२४ साली इंग्रजी विकिपीडियानेही २५ सह्यांची अशीच सोय केली. यात गुन्हा सिद्ध करावा लागत नाही, फक्त विश्वास उरला आहे का ते विचारलं जातं. मला ठरावीक मुदतीची नेमणूक याहून बरी वाटते: दोन वर्षं, मग सदस्यांचा कौल, मग हवं तर पुन्हा दोन वर्षं. मुदत संपून बाजूला होण्यात कोणाचा अपमान नसतो. दीर्घकाळ न फिरकलेल्यांचे अधिकारही आपोआप निघावेत. विकिमीडियाच्या अनेक प्रकल्पांवर दोन वर्षं एकही कृती केली नाही तर ते निघतात. बेवारस पडलेल्या ॲडमिन खात्यांचा गैरवापर मी दोनदा पाहिला आहे.

पण हे नियम या प्रकरणाला मागे जाऊन लावू नका. सरांनी जे केलं ते कोणताही नियम लिहिलेला नसताना केलं, आणि त्याची जबाबदारी तुम्हा सातही जणांची आहे. निर्णयपत्रात हे वाक्य असू द्या. ते वाचून सरांना उत्तर देणं सोपं जाईल.

आणि आज संध्याकाळी, स्क्रीनशॉट घेऊन झाले की, तुमच्यापैकी एका ताईंनी त्या मुलीला निरोप पाठवा. तक्रार मिळाली, ती कोण बघणार, कधीपर्यंत, तिचं नाव आता कोणाकोणाला माहीत आहे, आणि मॉडरेटरांच्या ग्रुपमधून तो मजकूर सातही जणांच्या बाजूने काढला आहे हे सांगा. पुराव्यासाठी त्याची एक प्रत कोणाकडे ठेवली आहे, हेही तिला सांगा आणि तिची हरकत नाही ना ते विचारा.